‘क्राकेन’ या शब्दाची व्युत्पत्ती : ध्वनिसाम्य, व्याकरण आणि पुरावा

सारांश

इंग्रजी भाषेत ‘क्राकेन’ हा शब्द नॉर्वेच्या समुद्रातील एका काल्पनिक महाकाय जलचरासाठी वापरला जातो. नॉर्वेतील कोळ्यांच्या बोलीतला हा शब्द एका डॅनिश ग्रंथाच्या १७५५ मधील भाषांतराद्वारे इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला. त्याच्या अखेरीस असलेला ‘एन’ हा मूळ शब्दाचा भाग नसून तो स्कँडिनेव्हियन भाषांतील निश्चयवाचक प्रत्यय आहे. ‘क्राके’ या मूळ शब्दाचा अर्थ वाकडेतिकडे, खुरटे झाड असा होतो. प्रस्तुत लेखात या व्युत्पत्तीचे टप्पे मांडले असून, संस्कृत ‘कर्कट’ या शब्दाशी दिसणारे साम्य का टिकत नाही याचे विवेचन केले आहे. उसन्या शब्दांत व्याकरणाचे अवशेष कसे गोठून राहतात हे मराठीतील काही उदाहरणांच्या आधारे दाखविले आहे.

बीज संज्ञा : व्युत्पत्ती, निश्चयवाचक प्रत्यय, ध्वनिनियम, ध्वनिसाम्य, उसने शब्द.

१. प्रास्ताविक

विषय कोणताही असो, संज्ञेची व्याख्या करण्यापूर्वी तिची व्युत्पत्ती सांगण्याचा प्रघात आपल्या महाविद्यालयीन अध्यापनात रूढ आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक ‘इकॉनॉमिक्स’ या शब्दातील ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर, असे सांगून तासाला आरंभ करतात. मानसशास्त्राचे प्राध्यापक ‘सायके’ म्हणजे आत्मा, असे सांगतात. शब्दाचे मूळ कळले की संकल्पना समजण्यास साहाय्य होते, अशी या प्रघातामागील धारणा आहे. ही धारणा योग्यच आहे. मात्र सांगितलेले मूळ खरे असले पाहिजे. वर्गात एकदा सांगितलेली व्युत्पत्ती विद्यार्थ्यांच्या वहीतून उत्तरपत्रिकेत आणि उत्तरपत्रिकेतून पुढे संदर्भपुस्तिकेत जाते. तिची शहानिशा करण्याची वेळ सहसा येत नाही. म्हणून व्युत्पत्ती स्वीकारण्याचे निकष कोणते, हा प्रश्न केवळ भाषा विभागापुरता मर्यादित राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ‘क्राकेन’ हा शब्द निवडण्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, या शब्दाचा प्रवास फार लांबचा नाही आणि त्याचे बहुतेक टप्पे लिखित पुराव्याने सिद्ध करता येतात. दुसरे असे की, त्याच्याभोवती गैरसमजही भरपूर आहेत. ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ या १९८१ च्या इंग्रजी चित्रपटात क्राकेन ग्रीक वीर पर्सियसच्या कथेत आणला गेला आणि २०१० मधील नव्या आवृत्तीतही तो तेथेच राहिला. परिणामी हा शब्द ग्रीक असावा असे अनेकांना वाटते. वस्तुतः पर्सियसच्या कथेतील समुद्रप्राण्याला ग्रीक भाषेत ‘केतोस’ म्हणत, आणि देवमाशांच्या वर्गाचे ‘सिटेशिया’ हे शास्त्रीय नाव त्या शब्दावरून आले आहे. ‘क्राकेन’ या शब्दाचा ग्रीक पुराणांशी कोणताही संबंध नाही.

२. शब्दाची लिखित नोंद

या शब्दाचा प्रसार ज्या ग्रंथामुळे झाला तो ग्रंथ म्हणजे एरिक पोंटोप्पिदान यांनी लिहिलेला नॉर्वेचा नैसर्गिक इतिहास होय. पोंटोप्पिदान हे डॅनिश धर्मगुरू असून नॉर्वेतील बर्गन येथे बिशप होते. त्या काळी नॉर्वे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होता आणि तेथील लेखनाची भाषाही डॅनिश होती. हा ग्रंथ १७५२ आणि १७५३ या वर्षी दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १७५५ मध्ये लंडन येथे निघाले. इंग्रजीतील ‘क्राकेन’ची आरंभीची नोंद याच भाषांतरातील आहे.

पोंटोप्पिदान यांनी दिलेले वर्णन आजच्या कल्पनेपेक्षा बरेच वेगळे आहे. उन्हाळ्यात कोळी किनाऱ्यापासून दूर जातात. जेथे ऐंशी ते शंभर वाव खोली अपेक्षित असते तेथे त्यांना वीस-तीस वावांवरच तळ लागतो. अशा ठिकाणी कॉड आदी मासे विपुल मिळतात. त्यावरून कोळी ओळखतात की, खाली क्राकेन आहे आणि लागला तो त्याच्या पाठीचा तळ. खोली आणखी कमी होऊ लागली की प्राणी वर येत आहे असे समजून ते वल्ही मारत दूर निघून जातात. मग पाण्यावर त्याची पाठ दिसू लागते आणि तिचा घेर दीड इंग्रजी मैल भासतो. तो पुन्हा बुडतो तेव्हा पाण्यात भोवरा निर्माण होतो. म्हणजे पोंटोप्पिदान यांचा क्राकेन हा बेटासारखा आहे. त्याच्यापासून मुख्य धोका आहे तो या भोवऱ्याचा. आणि कोळ्यांच्या दृष्टीने तो भरघोस मासळीची खूणही आहे.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोलाचा भाग नावांचा आहे. पोंटोप्पिदान एकच नाव देत नाहीत. ‘क्राकेन’बरोबर ‘क्राब्बेन’ आणि ‘होर्वेन’ अशी नावेही ते नोंदवतात. ‘क्राब्बे’ म्हणजे खेकडा. ‘होर्व’ म्हणजे शेतातील ढेकळे फोडण्याचे दातेरी अवजार, आपल्याकडील दाताळ्यासारखे. हा प्राणी गोल, चपटा आणि फांद्यांसारख्या अनेक भुजा असलेला असल्यामुळे ही नावे पडली असावीत, असे त्यांच्या वर्णनावरून दिसते.

याहून जुनी एक नोंद इटालियन भाषेत आहे. फ्रान्चेस्को नेग्री या धर्मगुरूंनी सतराव्या शतकाच्या सातव्या दशकात स्कँडिनेव्हियाचा प्रवास केला होता. त्यांचे प्रवासवर्णन १७०० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अनेक शिंगे किंवा भुजा असलेल्या एका प्रचंड माशाचे नाव ‘श्यू-क्राक’ असे आले आहे. यातील पहिला भाग म्हणजे समुद्र या अर्थाच्या नॉर्वेजियन शब्दाचे इटालियन कानाने केलेले लेखन होय. दुसरा भाग ‘क्राक’ असा आहे. त्यात ‘एन’ नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

३. ‘एन’ या प्रत्ययाचा उलगडा

मराठीत निश्चयवाचक उपपद नाही. ‘मासा’ या शब्दाने कोणताही एक मासा किंवा पूर्वी उल्लेख केलेला विशिष्ट मासा, यांपैकी काय अभिप्रेत आहे हे संदर्भावरून ठरते. गरज पडल्यास आपण ‘तो मासा’ असे म्हणतो. इंग्रजीत हे काम ‘द’ हे उपपद करते आणि ते नामाच्या आधी येते. नॉर्वेजियन, डॅनिश आणि स्वीडिश या भाषांत ते नामाच्या अखेरीस प्रत्ययरूपाने जोडले जाते. ‘फिस्क’ म्हणजे मासा आणि ‘फिस्केन’ म्हणजे तो विशिष्ट मासा. त्याच नियमाने ‘क्राके’ हे मूळ नाम, आणि ‘क्राकेन’ म्हणजे ‘तो क्राके’.

हा ‘एन’ मूळ शब्दाचा भाग नाही, याचे दोन पुरावे वर येऊन गेले आहेत. पोंटोप्पिदान यांच्या यादीतील क्राकेन, क्राब्बेन आणि होर्वेन या तीनही नावांच्या अखेरीस ‘एन’ आहे. तीन निरनिराळ्या अर्थांच्या शब्दांना एकच शेपूट असेल तर ते शेपूट मूळ शब्दांचे असू शकत नाही. दुसरे असे की, नेग्री यांच्या नोंदीत तोच शब्द या प्रत्ययाविना आला आहे. यादीतील समान अंश वेगळा काढणे आणि प्रत्ययरहित रूप शोधणे या दोन साध्या क्रियांनी मूळ शब्द हाती लागतो.

इंग्रजी भाषांतरकाराला किंवा वाचकाला हा विग्रह करण्याचे कारण नव्हते. त्यांनी ‘क्राकेन’ हे अखंड नाव मानले आणि आपल्या भाषेच्या सवयीप्रमाणे त्याच्या आधी पुन्हा ‘द’ लावला. त्यामुळे इंग्रजीतील ‘द क्राकेन’ या रूपात निश्चय दोनदा व्यक्त झाला आहे. पुढे त्याचे इंग्रजी पद्धतीचे अनेकवचनही तयार झाले. नॉर्वेजियनमध्ये मात्र अनेकवचन ‘क्राकेर’ असे होते, कारण तेथे ‘एन’ हा एकवचनाचाच प्रत्यय आहे.

जर्मन भाषेतील स्थिती तुलनेसाठी उपयुक्त आहे. जर्मनमध्येही हा शब्द नॉर्वेकडूनच आला. तेथे एकवचनी रूप ‘क्राके’ असून अनेकवचन ‘क्राकेन’ आहे, आणि रोजच्या भाषेत त्याचा अर्थ अष्टपाद असा होतो. म्हणजे तीच दोन अक्षरे नॉर्वेजियनमध्ये निश्चयाची, जर्मनमध्ये अनेकवचनाची आणि इंग्रजीत कशाचीच खूण नाहीत. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो तेव्हा ध्वनी बहुधा जसेच्या तसे पोहोचतात. त्या ध्वनींना व्याकरणात असलेले स्थान मात्र घेणारी भाषा ठरवते.

हा प्रकार अपवादात्मक नाही. इंग्रजी ‘ॲलिगेटर’ हा शब्द स्पॅनिश ‘एल लागार्तो’ म्हणजे ‘ती पाल’ किंवा ‘तो सरडा’ यावरून आला आहे. त्यातील ‘एल’ हे स्पॅनिश उपपद होय. ‘अल्जिब्रा’तील ‘अल’ हे अरबी उपपद आहे. गणिताच्या वर्गात हा शब्द उच्चारताना अरबी उपपदाचा उच्चार आपण करीत आहोत, याची जाणीव शिकविणाऱ्यालाही सहसा नसते.

४. ‘क्राके’ या शब्दाचा अर्थ

नॉर्वेजियन बोलींत ‘क्राके’ म्हणजे वाकडे, खुरटलेले झाड. त्यावरून अशक्त, रोडावलेला माणूस किंवा जनावर असाही अर्थ होतो. जुन्या नॉर्स भाषेतील ‘क्राकी’ म्हणजे खांब, वासा किंवा फांद्यांची खुंटे ठेवलेले खोड. या अर्थाला मध्ययुगीन लेखनाचा भक्कम आधार आहे. डॅनिश इतिहासकार साक्सो यांनी इ.स. १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या इतिहासात ‘क्रागे’ या डॅनिश शब्दाचा खुलासा केला आहे : फांद्या अर्ध्यावर छाटून शिडीसारखे केलेले झाडाचे खोड. डॅनिश दंतकथांतील ह्रोल्फ क्राकी या राजाच्या टोपणनावाची कथाही हेच सांगते. एक गरीब तरुण राजाला प्रथमच पाहतो. उत्तरेतील सर्वश्रेष्ठ पुरुष म्हणून ज्याची कीर्ती ऐकली तो आसनावर बसलेला इतका कृश आहे की जणू ‘क्राकी’च, असे तो म्हणतो. राजा हे नाव स्वीकारतो आणि नाव ठेवणाऱ्याला सोन्याचे कडे भेट देतो. ही कथा आइसलँडचे पंडित स्नोरी यांच्या तेराव्या शतकातील ग्रंथात आली आहे.

जर्मानिक भाषांतील ‘वाकडा’ या अर्थाच्या शब्दसमूहाशी कोशकार या शब्दाचा संबंध जोडतात. इंग्रजी ‘क्रुक’ म्हणजे आकडा किंवा वाक, आणि त्यावरून आलेला ‘क्रुकेड’ हे शब्द याच समूहात मांडले जातात. मग वाकड्या झाडाचे नाव समुद्रातील प्राण्याला का मिळाले? सरळ उत्तर आकाराचे आहे. मुळांसकट किंवा फांद्यांच्या खुंटांसकट पाण्यावर तरंगणारे खोड आणि अनेक भुजा असलेला प्राणी यांतील साम्य कोळ्यांच्या नजरेस सहज पडावे असे आहे. पोंटोप्पिदान यांच्या यादीतील खेकडा आणि दाताळे ही नावेही अवयवांच्या याच पसाऱ्याकडे निर्देश करतात.

याखेरीज आणखी एक शक्यता अभ्यासकांनी सुचविली आहे, ती निषिद्ध नामाची. भयावह प्राण्याचे खरे नाव न घेता त्याला आडनावाने संबोधण्याची चाल अनेक समाजांत आढळते. आपल्या खेड्यांतही रात्रीच्या वेळी सापाचे नाव न घेता ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणण्याची रीत आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांत एके काळी ‘नॉर्न’ ही स्कँडिनेव्हियन कुळातील भाषा बोलली जात असे. तेथील कोळ्यांच्या समुद्रावरील सांकेतिक भाषेत देवमाशाला ‘क्रेकिन’ म्हणत. फॅरो बेटांचे भाषाशास्त्रज्ञ याकोब याकोबसेन यांनी १८९३ ते १८९५ या काळात शेटलंडमध्ये राहून नॉर्नचे अवशेष गोळा केले आणि असे शब्द आपल्या कोशात नोंदविले. ‘क्रेकिन’ आणि ‘क्राकेन’ यांचे मूळ एकच मानले जाते. आकारसाम्य आणि निषिद्ध नाम ही दोन्ही कारणे परस्परविरोधी नाहीत. आडनाव ठेवायचे झाले तरी ते बहुधा दिसण्यावरूनच ठेवले जाते.

५. ‘कर्कट’शी दिसणारे साम्य

भारतीय वाचकाला येथे एक मोह पडणे स्वाभाविक आहे. संस्कृतमध्ये ‘कर्क’ आणि ‘कर्कट’ म्हणजे खेकडा. क्राकेनला नॉर्वेत खेकडाही म्हणत. ‘क्राक’ आणि ‘कर्क’ यांतील व्यंजनेही तीच : क, र, क. अर्थ जुळतो, ध्वनी जुळतात. मग दोन्ही शब्द एकाच मुळातून आले असे का म्हणू नये? अशा धर्तीच्या व्युत्पत्ती व्याख्यानांतून आणि लेखांतून वारंवार ऐकू येतात. म्हणून या साम्याची परीक्षा तपशिलाने करणे आवश्यक आहे.

पहिली कसोटी ध्वनिनियमांची आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक भाषा एकाच इंडो-युरोपीय मूळ भाषेतून निघाल्या असल्या, तरी जर्मानिक शाखेत स्पर्श व्यंजनांत नियमबद्ध बदल झाला. रासमुस रास्क यांनी १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा बदल मांडला. आज तो ग्रिमचा नियम म्हणून ओळखला जातो. त्यानुसार मूळच्या ‘क’चा जर्मानिकमध्ये ‘ह’ होतो आणि मूळच्या ‘ग’चा ‘क’ होतो. लॅटिन ‘कॉर्नू’ म्हणजे शिंग, त्याचा इंग्रजी प्रतिरूप शब्द ‘हॉर्न’. लॅटिन ‘केंतुम’ म्हणजे शंभर, त्याचे इंग्रजी प्रतिरूप ‘हंड्रेड’ या शब्दाच्या पहिल्या भागात आहे. दुसऱ्या बदलाचे उदाहरण संस्कृत ‘युग’ म्हणजे जू, इंग्रजीत ‘योक’. संस्कृतमध्ये मूळचा ‘ग’ काही स्थानी ‘ज’ होतो. म्हणून संस्कृत ‘अज्र’ म्हणजे शेत आणि इंग्रजी ‘एकर’ ही जोडी जुळते. ‘जानु’ आणि इंग्रजी ‘नी’ ही जोडीही तशीच आहे. इंग्रजी शब्दाच्या आरंभीचा ‘क’ आता उच्चारात नसला तरी लेखनात शिल्लक आहे.

आता हा नियम आपल्या शब्दांना लावून पाहू. संस्कृत ‘कर्कट’, ग्रीक ‘कार्किनोस’ आणि लॅटिन ‘कांकेर’ या शब्दांचा परस्परसंबंध मान्य आहे, कारण या तीनही भाषांत मूळचा ‘क’ कायम राहतो. हेच मूळ जर्मानिक शाखेत उतरले असते तर त्याचा आरंभ ‘ह’ने झाला असता. कठीण या अर्थाच्या ज्या मुळाशी कोशकार खेकड्याच्या या नावांचा संबंध जोडतात, त्याच मुळाखाली ते इंग्रजी ‘हार्ड’ हा शब्द मांडतात, आणि त्याच्या आरंभी ‘ह’च आहे. उलट ‘क्राके’तील दोन्ही ‘क’ हे जर्मानिक असल्याने मूळच्या ‘ग’वरून आलेले असले पाहिजेत. म्हणजे जे साम्य पुरावा म्हणून पुढे केले जाते, तेच या दोन शब्दांचे मूळ एक नसल्याचे दाखवते. एका कुळातील इतक्या दूरच्या दोन भाषांत शब्द फारच हुबेहूब जुळत असतील तर संशय वाढला पाहिजे.

दुसरी कसोटी संपर्काची. वारसा नसला तरी शब्द उसना घेतलेला असू शकतो. मात्र त्यासाठी वाट दाखवावी लागते. संस्कृतमधून नॉर्वेच्या किनारी बोलीत जाण्याची वाट कोणत्याही साधनात दिसत नाही. तिसरी कसोटी अर्थक्रमाची. ‘क्राकी’चा सर्वांत जुना नोंदलेला अर्थ खांब किंवा खोड हा आहे आणि समुद्रातील प्राणी हा अर्थ कित्येक शतकांनंतरचा आहे. खेकड्यापासून आरंभ झाला असता तर हा क्रम उलटा दिसला असता. तीनही कसोट्यांवर ‘कर्कट’चा दावा टिकत नाही.

६. वस्तूचा इतिहास आणि शब्दाचा इतिहास

क्राकेनविषयीच्या लोकप्रिय लेखनात आणखी एक घोटाळा आढळतो. जुन्या नॉर्स वाङ्मयात क्राकेनचे वर्णन आहे असे बेधडक सांगितले जाते. इ.स. १२५० च्या सुमारास रचलेल्या ‘राजदर्पण’ या नॉर्वेजियन ग्रंथात प्रचंड समुद्रप्राण्याचे वर्णन आहे खरे. पण त्याचे नाव ‘हाफगुफा’ असे आहे. ‘हाफ’ म्हणजे समुद्र आणि ‘गुफा’ म्हणजे वाफ. (मराठी ‘गुंफा’शी याचा संबंध जोडण्याचा मोहही टाळावा.) हा प्राणी ढेकर देऊन खाद्य बाहेर टाकतो, त्याच्या लोभाने मासे त्याच्या उघड्या जबड्यात शिरतात आणि मग तो जबडा मिटतो, असे तेथे सांगितले आहे. काही देवमासे जबडा उघडा ठेवून पाण्याच्या पृष्ठभागाशी स्थिर राहतात आणि मासे आपोआप आत येऊ देतात, असे अलीकडच्या निरीक्षणांत आढळले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या वर्तनाची हाफगुफाच्या वर्णनाशी तुलना करण्यात आली. एका नॉर्स सागाकथेत ‘लिंगबाकर’ हा बेटासारखा देवमासाही येतो. या कल्पनांचा क्राकेनच्या कल्पनेवर परिणाम झाला असणे शक्य आहे. तरीही त्या ग्रंथांत ‘क्राकेन’ हा शब्द नाही. कल्पना जुनी आहे म्हणून शब्दही तितकाच जुना आहे, असे म्हणता येत नाही.

इंग्रजीत आल्यानंतर शब्द तोच राहिला आणि त्याने दर्शविलेली वस्तू मात्र बदलत गेली. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक दनी द माँफोर यांनी १८०२ मध्ये जहाजाला विळखा घालणाऱ्या महाकाय अष्टपादाचे चित्र प्रसिद्ध केले. जहाजे बुडविणारा क्राकेन या प्रतिमेच्या प्रसारात या चित्राचा वाटा मोठा आहे. टेनिसन यांनी १८३० मध्ये या प्राण्यावर कविता लिहिली. हर्मन मेलव्हिल यांनी ‘मोबी डिक’ या १८५१ च्या कादंबरीत पोंटोप्पिदान यांचा नामनिर्देश करून क्राकेन म्हणजे शेवटी माकूळच असावे, असा तर्क केला. १८५७ मध्ये डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी महाकाय माकुळाला ‘आर्किट्यूथिस’ हे शास्त्रीय नाव दिले. १८६१ मध्ये ‘अलेक्तों’ या फ्रेंच जहाजाची कॅनरी बेटांजवळ अशा प्राण्याशी गाठ पडली आणि त्या घटनेचा उपयोग झूल व्हर्न यांनी आपल्या सागरी कादंबरीत केला. जिवंत महाकाय माकुळाची त्याच्या नैसर्गिक अधिवासातील पहिली छायाचित्रे जपानी संशोधक कुबोदेरा आणि मोरी यांनी ओगासावारा बेटांजवळ २००४ मध्ये घेतली. दीड मैल घेराचे बेट ते सुमारे बारा-तेरा मीटर लांबीचे माकूळ, असा हा अर्थप्रवास आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावरील एका विशाल द्रवसागरालाही २००८ मध्ये ‘क्राकेन मारे’ असे नाव मिळाले.

या प्रवासाकडे पाहताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. महाकाय माकूळ खरोखर अस्तित्वात आहे, ही प्राणिशास्त्राची सिद्धी आहे. तिच्यामुळे शब्दाच्या व्युत्पत्तीत काहीही बदल होत नाही. तसेच शब्दाचे मूळ वाकडे झाड आहे यावरून कोळ्यांनी तरंगते झाडच पाहिले असेल, असाही निष्कर्ष काढता येत नाही.

७. मराठीतील समांतर उदाहरणे

उसन्या शब्दात परक्या व्याकरणाचा तुकडा गोठून राहतो, ही प्रक्रिया मराठी भाषकांना परिचित असलेल्या शब्दांतही स्पष्ट दिसते. ‘उमराव’ हा शब्द आपण एका सरदारासाठी वापरतो. मुळात अरबी ‘उमरा’ हे ‘अमीर’ या शब्दाचे अनेकवचन आहे. ‘अमीर-उमराव’ या आपल्या जोडशब्दात एकाच शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन शेजारी उभे आहे, पण ते नाते मराठी बोलणाऱ्याला जाणवत नाही. ‘अखबार’ हे ‘खबर’चे अनेकवचन आहे. ‘औलाद’ हे ‘वलद’चे अनेकवचन आहे. जुन्या कागदपत्रांत ‘अमुक वलद तमुक’ अशी पित्याच्या नावाची नोंद आपण पाहतो, आणि ‘कुणाची औलाद’ असे एकवचनात बोलतो. दोन्ही शब्द मराठीत असूनही त्यांतील वचनाचा संबंध लोपला आहे. ‘द क्राकेन’मधील द्विरुक्तीला जवळचे उदाहरण ‘पावरोटी’ या शब्दाचे देता येईल. ‘पाव’ हा पोर्तुगीज भाषेतून आलेला रोटी याच अर्थाचा शब्द आहे. परक्या शब्दाचा अर्थ पुरेसा जाणवत नाही, तेव्हा भाषा तोच अर्थ आपल्या शब्दाने पुन्हा सांगते.

समुद्रप्राण्याच्या नावातच गोठलेले व्याकरण पाहावयाचे असेल तर संस्कृत ‘तिमिंगिल’ हा शब्द घ्यावा. ‘तिमि’ म्हणजे महाकाय मासा आणि ‘गिल’ म्हणजे गिळणारा. तिमीलाही गिळतो तो तिमिंगिल. दोन पदांच्या मध्ये आलेला अनुस्वार संस्कृत वैयाकरणांनी ‘मुम्’ हा आगम मानला आहे. ऐतिहासिक भाषाविज्ञानाच्या दृष्टीने त्यात द्वितीया विभक्तीची खूण दिसते. क्राकेनमधील ‘एन’प्रमाणे हा अनुस्वारही बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही, तरी शब्दाची घडण तोच सांगतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) ‘क्राकेन’ हा शब्द नॉर्वेतील ‘क्राके’ या शब्दाचे निश्चयवाचक रूप आहे. त्याचा मूळ अर्थ वाकडे झाड किंवा खोड असा असून तो इंग्रजीत १७५५ मधील भाषांतराद्वारे आला.

(२) त्यातील ‘एन’ हे नॉर्वेजियन व्याकरणाचे चिन्ह इंग्रजीत अर्थहीन झाले आणि जर्मनमध्ये त्याला अनेकवचनाचे कार्य मिळाले.

(३) संस्कृत ‘कर्कट’शी असलेले ध्वनिसाम्य ग्रिमच्या नियमाशी विसंगत आहे. संपर्काचा आणि अर्थक्रमाचा पुरावाही त्याच्या विरुद्ध जातो.

(४) कल्पनेचा, वस्तूचा आणि शब्दाचा इतिहास हे तीन वेगळे इतिहास आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरता येत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून चार प्रश्न हाती येतात. वर्गात कोणतीही व्युत्पत्ती सांगण्यापूर्वी या शब्दाची सर्वांत जुनी नोंद कोणती, यातील मूळ अंश कोणता व प्रत्यय कोणता, सुचविलेले साम्य ध्वनिनियमांत बसते काय, आणि शब्द एका भाषेतून दुसरीत जाण्याची वाट दाखवता येते काय, हे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे प्रत्येक वेळी मिळतीलच असे नाही. मराठी शब्दांसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आणि भारतीय-आर्य भाषांसाठी टर्नर यांचा तुलनात्मक कोश ही साधने आपल्या बहुतेक ग्रंथालयांना सहज उपलब्ध करून घेता येतील. ज्या व्युत्पत्तीला या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ती व्याख्येच्या आधी फळ्यावर लिहू नये, एवढी शिस्त सर्व विषयांच्या अध्यापकांनी पाळावी.